लेम्पीआजीची बोली

मेलेल्या माणसाचा आवाज तुमच्या तोंडातून निघू लागला, तर तुम्ही काय कराल?

बेरीवान माझ्या वरच्या मजल्यावर राहते, फिनलंडमधल्या तुर्कू शहरात, वारिस्सुओ भागात. माझ्यासारखीच कुर्द. वृद्धाश्रमात फरशा पुसते. भाषेच्या वर्गात तिच्या डोक्यात काही शिरलं नाही. तिला फिनिश दिली ती तिथे राहणाऱ्या लेम्पीआजीने. दुसऱ्या महायुद्धात रशियाकडे गेलेल्या कारेलिया प्रांतातली ही म्हातारी. भेटायला कुणी फिरकायचं नाही.

"आगं पोरी, ठिव ती बादली. बस की वाईच."

बेरीवान बसायची. बसता बसता आजीसारखीच जुन्या कारेलियन बोलीत, हेल काढून बोलायला लागली. दुकानात लोक हसायचे. हिला वाटायचं, कौतुक करतायत.

आजी गेली. इथे एकेक जण शवपेटीपाशी जातो, फुलं ठेवतो, दोन शब्द मोठ्याने बोलतो. बेरीवानने मलाही सोबत नेलं होतं. ती सगळ्यांच्या शेवटी गेली.

"नीज आता, आजी. लई दमलीस."

चर्चमधल्या सगळ्या माना वळल्या. एक म्हातारा उठून पेटीच्या झाकणाकडे बघत राहिला. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं, आवाज आतूनच आला.

नंतर कॉफीच्या टेबलाशी आजीची मुलगी इर्मेली जवळ आली. ओठ पांढरेफटक.

"असं परत बोलू नकोस. कुठेच."

"मला दुसरं येतच नाही, बाई."

"मग शिक!"

माझं डोकंच फिरलं. "आईजवळ बसायला ही, आणि आवाजावर मालकी तुझी?"

बेरीवानने माझी बाही ओढली.

ती पुन्हा वर्गात जाऊ लागली. बातम्या वाचल्यासारखं कोरडं बोलू लागली, परीक्षाही पास झाली. पण घरी ती एकटी असली, की मला छतातून दोन बायकांचं बोलणं ऐकू यायचं. मग हळूहळू एकीचंच. मग तेही थांबलं.

परवा बेरीवानच्या घरी आम्ही चहा पीत होतो, तर दारात इर्मेली.

"आईचा आवाज आठवेनासा झालाय गं. काहीही बोल. तिच्यासारखं."

बेरीवानने तोंड उघडलं. तसंच उघडं राहिलं. शेवटी अगदी स्वच्छ, पुस्तकी फिनिशमध्ये म्हणाली, "माफ करा. आता मला ते जमत नाही."

इर्मेली चौकटीला धरून उभीच राहिली. मला तिला चार शब्द सुनावायचे होते. त्याऐवजी मी तिच्यासाठी तिसरा कप काढला.

तुमच्या दारात कुणी परकं माणूस तुमची भाषा वेडीवाकडी बोललं, तर लगेच सुधारायला जाऊ नका. आधी ऐका, ते कुणासारखं बोलतंय.