चाळीसपैकी चाळीस

किन्हवलीजवळच्या एका पाड्यात रंजनाबाई चौदा वर्षं अंगणवाडी चालवतात. यंदा पर्यवेक्षिकेची जागा निघाली. तिला पदवी लागत होती, आणि वयाच्या अटीत बाई यंदाच काय त्या बसत होत्या. पदवीचा एकच पेपर राहिलेला, गणिताचा. तोही आता ऑनलाइन.

पाड्यात रेंज नाही. ती यायची फक्त गावदेवीच्या देवळामागच्या पायरीवर. मुलं घरी गेली की बाई मोबाइल घेऊन तिथं बसत. पडद्यावरचे सर एका दमात व्याज, सरासरी, शक्यता सांगत सुटत आणि ऐन रीत सांगताना थिजत. तोंड उघडं, हात वर. मदतनीस जनी लाकडाचा भारा घेऊन जाताना हमखास थांबायची. "तुमचा सर परत आडकला काय बाई? जरा पानी तरी पाजा त्याला."

सर सुटेपर्यंत पुढचं गणित आलेलं असे. मधली रीत मग बाई स्वतःच शोधून काढत, अंगणवाडीच्या सारवलेल्या ओट्यावर, खडूनं. दुसऱ्या दिवशी मुलं त्यावर बसून खिचडी खात.

परीक्षेच्या सकाळी बाई देवीला नारळ बोलल्या. पास कर असं म्हणायला त्यांना संकोच वाटला. उत्तरं बरोबर येऊ देत, एवढंच म्हणाल्या. रेंज तासभर टिकली. चाळीस गणितं वहीत सोडवली, ताळा केला, उत्तरं मोबाइलवरच्या चौकटींत भरली.

निकालात शून्य आलं.

शहापूरच्या केंद्रावर स्वरूप नावाच्या कारकुनानं वही आणि पडद्यावरची उत्तरं एकेक करून ताडून पाहिली. चाळीसच्या चाळीस बरोबर. मग त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. मुलांची नावं भरायची म्हणून बाईंच्या मोबाइलवर टायपिंग मराठीतच असायचं. आकडे उमटले ते १, २, ३ असे. शाळेपासून बाई तसेच लिहीत आल्या होत्या.

"ताई, मशीनला हे आकडे कळत नाहीत."

"तुम्हाला कळले ना?"

"कळले. पण मार्क मी देत नाही."

पुढची परीक्षा सहा महिन्यांनी होती. तोवर वयाची अट उलटून जाणार. बाईंनी वही पिशवीत घातली आणि स्टँडवर येऊन एक नारळ घेतला. रडू आलंच तर कोणाला दिसू नये म्हणून एसटीत खिडकीशी बसल्या. आलं नाही. किन्हवली आली तेव्हा उतरल्या.

दुसऱ्या दिवशी मुलांची वजनं घेऊन झाल्यावर त्या देवळात गेल्या. जनी मागोमाग आली.

"नापास झाल्यावर नारळ कोन फोडतं, बाई?"

"पास व्हायचा बोललेच नव्हते," बाई म्हणाल्या. "उत्तरं बरोबर आली."

खोबऱ्याचे तुकडे मुलांना वाटले. दुपारी जनी शेणाचा काला घेऊन ओटा सारवायला बसली. कोपऱ्यात खडूचं एक गणित अजून तसंच होतं. तिचा हात थांबला. हे ठेवू का, तिनं विचारलं.

"सारव," बाई म्हणाल्या, आणि वजनांची वही उघडून बसल्या.