कडेपासून दोन बोटं आत

गल्लीत त्यांना सगळे ‘मोजेवाले’ म्हणत, पण ते मोजे विकत नसत. पॅन, तवे, कुकरची भांडी यांच्यावरचा झिजलेला नॉनस्टिकचा थर काढून नवा टिकाऊ थर चढवून देण्याचा त्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या, एक भट्टी आणि मागच्या बाजूला वाळूचा मारा करायची बंद पेटी. वर बिऱ्हाड.

नाव पडलं ते एका हट्टामुळे. पेटीतून निघालेलं भांडं खरखरीत, राखाडी आणि खडूसारखं कोरडं असतं. त्याला उघडा हात लागलेला त्यांना खपत नसे. “बोटाला तेल असतं,” ते येईल त्याला ऐकवत. “आज काही दिसत नाही. थर चढतो, चकाकतो, गिऱ्हाईक खूश. वर्षभरानं बरोबर त्याच जागी फोड येतो. धातू विसरत नाही.” विजेचा मीटर वाचायला आलेल्या माणसालाही त्यांनी एकदा हातमोजे चढवायला लावले होते. तेव्हापासून तो दारातूनच आकडा विचारायचा.

बायको त्या कारखान्याची अर्धी मालकीण. पेटी आणि थर मारायच्या फवाऱ्याच्या मधल्या मेजावर ती बावीस वर्षं बसली. काम एकच. मारा सगळीकडे सारखा बसलाय का ते बघायचं. एखादी चकचकीत जागा सुटली असेल तर तिथे थर धरत नाही, म्हणून ते भांडं परत पेटीत. “माझा डोळा एक वेळ चुकेल, हिचा चुकायचा नाही,” असं मोजेवाले चारचौघांत सांगायचे. ती मान खाली घालून पुढचं भांडं ओढायची.

मागच्या वर्षी ती जिन्यावरून पडली. भर दुपारी, वरून चौथ्या पायरीवरून. अकरा पायऱ्यांचा तो जिना ती दिवसातून वीसदा चढायची-उतरायची. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिनं त्याच आठवड्यात निकाल दिला. “भट्टीच्या वाफेनं चक्कर आली. तुमच्या भट्टीनं आईला नेलं, बाबा. आता तरी बंद करा.” दर रविवारी ती जेवणाचा डबा घेऊन यायची आणि मेजाकडे पाठ करून बसायची. ती का पडली, हा प्रश्न त्या जिन्यावर ठाण मांडून बसला होता. मोजेवाले वरून चौथी पायरी गाळून चढायचे. आणि अधूनमधून, वर चहा पीत असताना, खालून पॅनवर पॅन ठेवल्याचा आवाज यायचा. हलका, तिच्या हातचा. खाली जाऊन पाहावं तर मेज रिकामं.

चार महिन्यांनी बाजारातला भांडीवाला एक पॅन घेऊन आला. त्याच्याच दुकानातून कारखान्याचा बराचसा माल जायचा.

“मोजेवाले, हे काय? दोन वर्षांची हमी ना तुमची?”

पॅनच्या आत, कडेपासून दोन बोटांवर, दांड्याच्या समोरच्या अंगाला लांबट गोल फोड आला होता. बाकी थर आरशासारखा.

“तापवला असेल रिकामा,” मोजेवाले म्हणाले.

पंधरा दिवसांनी दुसरा आला, मग तिसरा. सहाव्या खेपेला भांडीवाल्यानं पिशवी मेजावर रिकामी केली.

“सगळ्यांना एकाच जागी अंगठा उठलाय. भांडी देताय का खरेदीखत करून देताय?”

तो हसला. मोजेवाल्यांना हसू आलं नाही. भांडीवाला गेल्यावर त्यांनी फोडावर आपला अंगठा ठेवला. अंगठा मोठा पडला. मग ते तिच्या खुर्चीत बसले, तिच्यासारखाच दांडा उजवीकडे करून पॅन डाव्या हातात धरला. अंगठा आपोआप कडेपासून दोन बोटं आत टेकला, बरोबर फोडावर.

आधी त्यांना राग आला. बावीस वर्षं शिकवलं, आणि हिनं मोजा काढावा? त्यांनी तिचा खण उघडला. उजव्या हाताचा मोजा झिजून बोटांना भोकं पडली होती. डाव्या हाताचा कोरा, घडीसुद्धा न मोडलेला.

प्रत्येक भांड्याच्या बुडाला ते महिन्याचा ठसा मारत. नऊ भांडी उपडी करून त्यांनी ओळीनं लावली. सगळ्यात जुनं तिच्या जाण्याआधी चौदा महिन्यांचं. त्याच्या आधीचं एकही नाही. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. तो फोड सोडला तर नऊपैकी एकाही भांड्यात सुटलेली जागा नव्हती. एवढी तपासणी पाहणाऱ्याची नव्हे, चाचपणाऱ्याची होती; बोटं हलकी फिरून गेली होती, दाबून टेकला होता तो फक्त अंगठा.

तिला दिसत नव्हतं.

मग एकेक आठवायला लागलं. तांदूळ निवडायला ती शेजारणीकडे द्यायला लागली होती. माणूस बोलेपर्यंत ती नाव घेत नसे. आणि जिना उतरताना तिचे ओठ हलायचे. त्यांनी एकदा थट्टाही केली होती, “काय गं, जप करतेस का?” “हो, तुमच्या नावाचा,” ती म्हणाली होती.

ती पायऱ्या मोजत होती.

त्या दुपारी ती उतरत असताना त्यांनीच खालून हाक मारली होती. “अगं, प्रायमरचा डबा कुठे ठेवलास?” तिनं उत्तर दिलं होतं, “मेजाखाली बघा.” मोजणाऱ्याला मध्येच बोलायला लावलं की आकडा सुटतो.

रविवारपर्यंत त्यांनी भट्टी पेटवली नाही. मुलगी आली, डबा ठेवला आणि नेहमीसारखी पाठ करून बसली.

“इकडे तोंड कर,” ते म्हणाले. “हे बघ.”

ती वळली. नऊ भांडी, नऊ फोड. त्यांनी अंगठ्याचं सांगितलं, मोज्याचं सांगितलं, पायऱ्यांचं सांगितलं. शेवटी हाकेचं सांगितलं. मुलीला धक्का बसेल, ती रडेल असं त्यांना वाटलं होतं. ती नुसती भांड्यांकडे बघत राहिली.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“डोळ्यांचं. डॉक्टरकडे मीच नेलं होतं तिला. कडेकडेचं दिसायचं, मधलं गेलं होतं. मला शपथ घातली. म्हणाली, यांना सांगू नकोस, मला मेजावरून उठवतील. जगाला माझ्या डोळ्याचं कौतुक सांगत फिरतात, आता कोणत्या तोंडानं सांगू?”

“आणि तू भट्टी भट्टी करत होतीस.”

“मग काय म्हणू? मी गप्प बसले म्हणून पडली, असं म्हणू?”

मुलीनं एका फोडावर अंगठा ठेवला. तिचा नेमका बसला.

“बाबा, समजा उघडा हात लागलाच, तर भांडं वाया जातं का?”

“नाही. फवारायच्या आधी थिनरच्या फडक्यानं पुसायचं.”

“किती वेळ लागतो?”

“एका भांड्याला? दहा-बारा सेकंद.”

“बस्स?”

“बस्स.” जिन्याकडे बघून ते म्हणाले, “आणि जिन्याला कठडा लावायचा. त्याला एक दिवस.”

मुलगी संध्याकाळी गेली. सोमवारी त्यांनी नऊही भांडी भट्टीत टाकली. थर जळून पांढरी राख झाली, मग वाळूचा मारा झाला, आणि भांडी पुन्हा राखाडी, कोरी होऊन मेजावर आली. मोजेवाल्यांनी डाव्या हातातला मोजा काढला. डोळे मिटले आणि अंगठ्यानं एकेक भांडं कडेपासून तळापर्यंत चाचपलं. तिसऱ्या भांड्यात एक गुळगुळीत ठिपका लागला, जो त्यांना डोळ्यांनी दिसला नव्हता. ते भांडं परत पेटीत गेलं. बाकीची त्यांनी फडक्यानं पुसली, सावकाश, एकेक करून.

दुपारी ते वर निघाले. यावेळी कोणतीच पायरी गाळली नाही. ओठ हलवत सात पायऱ्या मोजल्या आणि आठवीवर, म्हणजे वरून चौथीवर, पाय ठेवला. खालून पॅनवर पॅन ठेवल्याचा हलका आवाज आला. ते थांबले. आवाज पुन्हा आला.

त्यांनी हाक मारली नाही.