जांभळी पट्टी

नम्रता पाचवीत होती तेव्हा तिला मधुमेह झाला. राजापूरजवळच्या वाडीत तेव्हा कुणाला वाटलंच नव्हतं की हा आजार लहान मुलांनाही होतो. कितीही पाणी प्यायली तरी तिची तहान भागेना, फ्रॉक अंगावर लोंबायला लागला. मग एका सकाळी ती धापा टाकतच उठली आणि तिच्या तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि तिच्या आईला सगळं समजावून सांगितलं. शरीरात इन्सुलिनच नसलं की रक्तातली साखर उपयोगाला येत नाही. मग शरीर आपलीच चरबी जाळायला घेतं, आणि त्यातून कीटोन नावाचं आम्ल रक्तात साचतं. ते फार वाढलं तर जिवावर बेततं. तेव्हापासून इन्सुलिनची सुई रोजची झाली आणि फडताळात कीटोन तपासायच्या पट्ट्यांची बाटली आली.

पोरगी वाढली, शिवणकाम शिकली. हात असा बसला की गावातल्या शाळेचे गणवेश तिच्याकडेच यायला लागले. लग्नाच्या बोलणीत ती स्वतःच आजाराचं सांगायची, आणि बऱ्याच ठिकाणी बोलणी तिथेच थांबायची. विनीत जयगडच्या बंदरावर क्रेन चालवतो. तो पाहायला आला तेव्हा त्याने विचारलं, साखर अचानक उतरली तर आपण काय करायचं? त्याची आई विमला शेजारीच बसली होती. तिने एकच प्रश्न केला, मूल होईल ना? डॉक्टर हो म्हणतात, पण काळजी फार घ्यावी लागेल, असं नम्रताने सांगितलं.

"मग घेऊ की काळजी," विमला म्हणाली, आणि तारीख ठरली.

मागच्या शिमग्यात नम्रताला सातवा महिना होता. ग्रामदेवीची पालखी त्या दिवशी घरी यायची होती. अंगण सारवून झालं होतं, विमलाने ठेवणीतलं लुगडं नेसून ओटीचं ताट मांडायला घेतलं होतं. विनीत पहाटेच कामावर गेला होता. नम्रता मात्र सकाळपासून उलट्या करत होती. मुंबईहून आलेल्या पाहुण्या बायका म्हणाल्या, पित्त झालं असेल, सातव्यात होतं असं. नम्रताने बोट टोचून साखर पाहिली. एकशे नव्वदच्या आसपास होती. तिच्या नेहमीच्या मानाने थोडी जास्त, पण घाबरण्यासारखी नाही. पोटात काही ठरत नाही तर आज इन्सुलिन राहू दे, असंही कुणी सुचवलं. तिने ऐकलं नाही. जेवण नसलं तरी इन्सुलिन बंद करायचं नाही, हे ती लहानपणापासून शिकली होती.

साखर ठीक होती, पण तिचं तिला ठीक वाटत नव्हतं. श्वास जड येत होता. ती न्हाणीत गेली, लघवीत पट्टी बुडवली आणि थांबली. फिकट टोक बघता बघता गडद जांभळं झालं. बाटली उघडून बरेच महिने झाले होते, आणि जुन्या पट्ट्या खोटं दाखवतात हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने नवी बाटली फोडून पुन्हा पाहिलं. रंग तोच आला.

तिने विमलाला आत बोलावून पट्टी दाखवली.

"जांभळी म्हणजे काय गो?"

"म्हणजे आत्ता निघायला हवं, आई."

बाहेर ढोल ऐकू यायला लागला होता. पालखी खालच्या वाडीत पोचली होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून विमलाने पालखीची ओटी एकदाही चुकवली नव्हती. तिने ताट पालखीसाठी माहेरी आलेल्या मोठ्या नणंदेच्या हातात दिलं.

"देवीला सांग, सुनेला घेऊन गेलेय," ती म्हणाली, आणि शेजारच्या बाबाजींना गाडी काढायला सांगितलं.

बाबाजींनी गाडी थेट रत्नागिरीला घेतली. नम्रता घोट घोट पाणी पीत होती आणि पोटावर हात ठेवून बाळ हलतंय का ते पाहत होती. रुग्णालयात बोटातून रक्त घेऊन कीटोन तपासले, ते बरेच वाढलेले निघाले. लगेच सलाईन लागलं, त्यातून इन्सुलिन सुरू झालं. डॉक्टरबाईंनी पोटावर यंत्र ठेवलं आणि बाळाच्या ठोक्यांचा आवाज खोलीत भरला. विमला दाराशीच उभी होती. तिच्या हाताला अजून हळद लागलेली होती. तो आवाज ऐकल्यावरच ती खुर्चीवर बसली.

गरोदरपणात साखर फार न चढताही कीटोन वाढू शकतात, डॉक्टरबाई तिला म्हणाल्या. नुसत्या साखरेवर विसंबून घरी राहिला असतात तर बाळाला धोका होता. मग दर थोड्या वेळाने रक्त तपासणं सुरू झालं. विमलाने डॉक्टरबाईंना विचारलं, घरी तर लघवीवर कळलं, मग इथे सारखं रक्त कशाला?

"लघवी मागच्या काही तासांचं सांगते, आजी. रक्त आत्ताचं सांगतं."

दुपारी आकडा थोडा उतरला. विनीत बंदरावरून धावत आला, तेव्हा आणखी उतरला होता. दिवेलागणीला नर्सने सांगितलं की आता कीटोन जवळजवळ गेले. नम्रताने भूक लागली म्हटलं आणि विनीतला हसू आवरेना. विमलाला तेव्हा आठवलं की सकाळपासून आपण चहासुद्धा घेतलेला नाही. खालच्या टपरीवर जाऊन तिने उभ्या उभ्या दोन कप प्यायले.

घरून फोन आला. नणंदेने ओटी भरली होती, आणि हकीकत कळल्यावर गावकऱ्यांनी अंगणात पोटातल्या बाळासाठी वेगळं गाऱ्हाणं घातलं होतं.

पुढचे आठवडे सगळ्यांनी धसक्यातच काढले, पण पट्टी पुन्हा कधी जांभळी झाली नाही. नम्रताची लेक सानवी ठरल्या तारखेच्या थोडी आधीच जन्मली. पहिल्या दिवशी तिची साखर कमी होती म्हणून तिला काचेच्या पेटीत ठेवलं, आणि मग तीही सावरली. घरी आल्यावर पहिल्याच दुपारी विमलाने नातीला मांडीवर घेतलं आणि नम्रताला आतल्या खोलीत झोपायला पाठवलं. नम्रता कित्येक महिन्यांनी इतकी निर्धास्त झोपली की विनीत कामावरून आला, जेवला, तरी तिला जाग आली नाही.