गेटवर बसलेला वेल्डर

आत्याच्या वर्कशॉपमध्ये रोज संध्याकाळी लेथ मशीनखालचा धातूचा कीस झाडून काढतात आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तेवढाच साचतो. तिथल्या किश्शांचंही तसंच आहे. सकाळची शाळा सुटली की मी तिथे ऑफिसच्या कोपऱ्यात दहावीचा अभ्यास करत बसते. मी फारशी बोलत नाही. त्यामुळे मी तिथे आहे हेच सगळे विसरतात!

आत्या सातपाटीची, वर्कशॉप बोईसरला. ती स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनवते. मागे एका कंपनीने तिची टाकी परत पाठवली, कारण जोड गळत होता. "अजून एक टाकी करून बघा. तीही गळली तर पुन्हा येऊ नका," असा निरोप आला. त्यातच जुना वेल्डर काम सोडून गेला. आत्याने गेटवर पाटी लावली, 'वेल्डर पाहिजे'.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी एक नेपाळी माणूस आला. नाव टेकबहादूर. आमचे फोरमन दामूकाका मासवणचे. त्यांनी त्याचा चेहरा पाहिला, हातातली फाइल पाहिलीच नाही. त्याला गेटजवळच्या स्टुलावर बसवलं, गळ्यात वॉचमनची शिट्टी अडकवली आणि निघून गेले.

दुपारी आत्या आली. त्याने उठून कडक सलाम ठोकला आणि विचारलं, "दीदी, वेल्डिंग का टेस्ट कब होगा?"

सकाळपासून तो शिट्टी घालून बसला होता! त्याला वाटलं, इथे अशीच पद्धत असेल.

आत्याने ती शिट्टी काढून दामूकाकांच्या गळ्यात घातली. "दामू, आता तू बस इथं. तुजी टेस्ट मी घेते."

*

फाइलमध्ये कतारची सर्टिफिकेटं होती. दामूकाका म्हणाले, "ताई, कागद काय, कोनीबी आनतो."

"मग कागद नको वाचू. जोड वाच."

टेकबहादूरने दोन पट्ट्या जोडल्या. अशी पट्टी वाइसच्या लोखंडी जबड्यात धरून वाकवतात. जोड उघडला तर वेल्डर नापास. दामूकाका असा जोर लावत होते, जणू त्या पट्टीशी त्यांचं जुनं वैर आहे. काडकन आवाज आला. सगळे धावले.

जोड जसाच्या तसा होता. वाइसचा दांडा मोडला होता!

आत्या म्हणाली, "वेल्डर पास. वाइस नापास."

*

टेककाका आठ दिवस दुपारचा डबा कुठे खातात, ते कुणालाच कळत नव्हतं. शेवटी मला दिसलं. ते जोड साफ करायच्या ॲसिडच्या खोलीत जेवत होते! दारावर मराठीत धोक्याची मोठी पाटी होती. नेपाळीची लिपी आपलीच, म्हणून त्यांना अक्षरं वाचता आली, अर्थ कळला नाही.

"बहुत साफ जगह है," ते म्हणाले. "कोई आता भी नहीं."

आत्या त्यांना रागावली नाही. "चूक पाटीची हाय," म्हणाली आणि माझ्यासमोर रंगांचे डबे ठेवले. त्या आठवड्यात मी सगळ्या पाट्या चित्रांच्या केल्या. ॲसिडच्या दारावर पळत सुटलेला माणूस काढला. पोटावरून ते दामूकाका आहेत हे सगळ्यांनी ओळखलं. फक्त दामूकाकांनी विचारलं, "ह्यो कोन?"

*

टाकी अर्धी झाली आणि दसऱ्याचा सण आला. नेपाळात तो सगळ्यात मोठा. टेककाकांनी गावी जायला सुट्टी मागितली.

"ताई, सोडू नको!" दामूकाका म्हणाले. "टाकी अर्धी हाय. आनि गावी गेलेला परत येत नाय. आला तर मी मिशी काढीन!"

"सणाला घरी नाय पाठवला, तर तो मन लावून हात कशाला चालवील?" असं म्हणून आत्याने तिकीट स्वतः काढून दिलं.

येतोय असा ट्रेनमधून फोन करून टेककाका एक दिवस आधीच परत आले, कपाळावर टिळा आणि सोबत बायको. गेटवर एक माणूस उभा होता, त्याला त्यांनी अदबीने विचारलं, "दामूकाका किधर है?"

समोर दामूकाकाच होते. मिशी नव्हती.

*

आता बायको आली म्हणजे खोली हवी. एक घरमालक म्हणाला, "नेपाळ्याला नाय देत. भरवसा काय?"

आत्या स्वतः गेली. सातपाटीच्या बाजारात मासळीची पाटी मांडल्यासारखी त्याच्या ओट्यावर बसली.

"तुमच्या बिल्डिंगला वॉचमन कोन हाय?"

"नेपाळी."

"तुमी गावाला जाता तवा घराची चावी कोनाकडं ठेवता?"

घरमालकाने खुंटीवरून खोलीची किल्ली काढली. मग म्हणाला, "पाणी सकाळी सहाला येतं."

*

मग टाकी तपासायचा दिवस उजाडला. कंपनीचे साहेब येणार होते. आत्या सकाळपासून दोनदा चहा करून प्यायला विसरली. टेककाकांना आत बसवेना. ते धुतलेला शर्ट घालून गेटवरच्या त्याच स्टुलावर जाऊन बसले.

साहेबांची गाडी आली. काच खाली झाली. "ए बहादुर, गाड़ी छाँव में लगा दे." चावी पुढे आली.

टेककाकांनी गाडी सावलीत लावली. मी खिडकीतून बघत होते. काहीतरी बोलावं म्हणून उठलेही, पण तोवर साहेब आत आले होते.

माणसाच्या हाडांचे काढतात तसे जोडांचेही एक्स-रे काढतात. साहेबांनी एकेक फिल्म उजेडात धरली. शेवटची धरली. मग पहिली पुन्हा धरली. दामूकाकांचा हात नसलेल्या मिशीकडे गेला.

"मॅडम," साहेब म्हणाले, "यापुढे आमच्या सगळ्या टाक्या तुम्हीच करायच्या. पण हे जोड मारलेत कोणी? मला त्या माणसाला भेटायचंय."

आत्या बोलणार, तेवढ्यात दामूकाकांनी ड्रॉवर उघडला. आतून ती जुनी शिट्टी काढली आणि दारात जाऊन जोरात फुंकली.

टेककाका धावत आले. साहेबांना सलाम केला.

"ह्यो आमचा वेल्डर," दामूकाका म्हणाले.

साहेबांनी टेककाकांकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

टेककाकांनी त्या हातावर गाडीची चावी ठेवली.

साहेबांनी चावी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुन्हा पुढे केला.