वाढत जाणारी फाइल

रेकॉर्ड खोलीतल्या काकूंनी तिला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती सर्व्हरच्या गारठलेल्या खोलीत स्वेटर घालून, तळव्यावर हनुवटी टेकून, पडद्याकडे टक लावून बसली होती. रुग्णालयात नव्यानेच लागलेली कॉम्प्युटरवाली. कामाला इतकी सावकाश, की आठवडाभरात सगळे तिला ‘गोगलगाय’ म्हणू लागले होते.

त्या सकाळी सर्व्हर काठोकाठ भरला होता. नवे एक्स-रे मावेनात. एकच अवाढव्य फाइल जागा अडवून बसली होती आणि काही केल्या पुसली जाईना. ‘वापरात आहे,’ एवढंच उत्तर.

“अगं, बंद करून चालू कर की तो सर्व्हर!” व्यवस्थापक दारातूनच ओरडले. “डॉक्टर माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतायत!”

“करते, साहेब. आधी ही कुणी धरून ठेवलीय ते बघू द्या.”

“धरून ठेवायला तो काय पोराचा हात आहे?”

काकूंना हसू फुटलं. ती मात्र म्हणाली, “बघा ना काकू, ही वाढतेय.”

खरंच, आकडा हळूहळू पुढे सरकत होता. फाइल कुठल्या यंत्राने उघडून ठेवलीय, हे तिने शोधून काढलं आणि जिना चढू लागली. काकूही मागोमाग निघाल्या. का, ते त्यांचं त्यांनाच कळेना.

यंत्र सापडलं नवजात बाळांच्या खोलीत. काचेच्या पेटीत ओंजळभर बाळ, छातीला तारा. जोडणी करताना कुणीतरी नोंदी साठवायला भलतीच जागा दिली होती, त्यामुळे बाळाच्या काळजाचा ठोका न् ठोका त्या फाइलमध्ये साठत होता. श्वास अडला तर सिस्टरच्या टेबलावर वाजणारी घंटाही त्याच सर्व्हरवर चालायची; तो बंद केला असता, तर घंटाही बंद पडली असती.

काकूंच्या आता ध्यानात आलं. खालच्या खोलीतल्या पडद्यावरचा तो आकडा हे एवढंसं काळीज पुढे ढकलत होतं!

ती पेटीवर वाकली. “धर हो राजा,” हळूच म्हणाली, “घट्ट धरून ठेव.”

मग खाली येऊन तिने जुने एक्स-रे दुसऱ्या डिस्कवर हलवले आणि नव्यांना जागा केली. व्यवस्थापकांनी सगळं ऐकून घेतलं. “गोगलगाय नि पोटात पाय,” एवढंच म्हणाले आणि सर्व्हर खोलीचं दार आवाज न करता ओढून घेतलं.

बाळ आईच्या कुशीतून घरी गेलं, त्या दुपारी ती फाइल पहिल्याच झटक्यात पुसली गेली.

आता ती रुग्णालयाच्या कॉम्प्युटर विभागाची प्रमुख आहे. सर्व्हरच्या खोलीत अजून स्वेटर घालूनच बसते.