खारं दूध आणि फोरमन भावोजी

न्याहारी कशी करावी हे फक्त तैवानच्या माणसांना कळतं, बाकीचं जग सकाळी नुसतं पोट भरतं, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस साऱ्या पालघर जिल्ह्यात एकच आहे, आणि मुलांनो, तो आपल्या घरोब्यातला आहे! तुमच्या आजोबांचे हे मित्र बेटेगावात राहतात. तारापूरच्या एका कारखान्यात ते फोरमन होते, म्हणून निवृत्त झाल्यावरही मी त्यांना फोरमन भावोजीच म्हणते. बऱ्याच वर्षांपूर्वी नव्या यंत्राचं काम शिकायला त्यांना तीन आठवडे तैवानला धाडलं होतं. त्या यंत्राबद्दल ते आजवर एक अक्षर बोललेले नाहीत.

पहिले दोन दिवस त्यांनी बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, बांधून दिलेल्या चकल्यांवर काढले. तिसऱ्या दिवशी पहाटे भुकेने बाहेर पडले, तर समोरच्या टपरीवरच्या म्हातारीने त्यांना न विचारताच बाकड्यावर बसवलं आणि सोयाबीनच्या गरम दुधाची वाटी पुढे ठेवली. सोबत हातभर लांब, मैद्याची तळलेली कुरकुरीत कांडी. दुधात बुडवायची आणि खायची. मग रोज काहीतरी नवं. अंड्याची गुंडाळी, तव्यावर खरपूस भाजलेली मुळ्याची वडी, भाताची सारण भरलेली मूठ, दूध घातलेला गार चहा. एकमेकांचा एक शब्द कळत नसताना त्या बाईने उरलेले सगळे दिवस त्यांची सकाळ सांभाळली.

तेव्हापासून परदेशी निघालेला कोणीही त्यांच्या तावडीतून सुटत नाही. मुलीकडे दुबईला चाललेल्या आमच्या डॉक्टरीणबाईंनाही त्यांनी फाटकाशी गाठून बजावलं, "हाटेलातला नाश्ता घेऊ नका तुमी. सकाळी सहाला रस्त्यावर या नि म्हातारी शोधा." घरी सोयाबीन वाटून त्यांनी दोन मिक्सर निकामी केले. भाताच्या मुठीत तिथे घालतात ते मांस इथे मिळेना, तेव्हा शिरगावच्या कोळणीकडून सुके बोंबील आणून, भाजून, कुस्करून भरले. मी भीत भीत एक खाल्ली आणि, खरं सांगते, आणखी दोन मागून घेतल्या!

यंदा मात्र खरी परीक्षा आली. यंत्र बसवायला तैवानहून एक तरुण इंजिनियर मुलगी महिन्याभरासाठी बोयसरला आली होती. इथलं काही तिच्या तोंडाला रुचत नव्हतं. पोर लॉजवर बिस्किटं खाऊन राहते आणि आठवड्यात वाळली आहे, असं जुन्या सोबत्यांकडून भावोजींना कळलं. त्यांना चैन पडेना. "मला तिथं कुणी उपाशी ठेवलं नाय," ते म्हणाले, "नि ही आपल्या गावात बिस्किटं खाते?" रविवारी सकाळी तिला न्याहारीचं बोलावणं गेलं, आणि इंग्रजी बोलायला मला.

त्या दिवशी भावोजींनी आजवर राखून ठेवलेला हुकमाचा पदार्थ काढला, खारं दूध. व्हिनेगरवर सोयाबीनचं उकळतं दूध ओतायचं, ते फुटून मऊ गोळे धरले की वरून जवळा, म्हणजे सुकी बारीक कोळंबी, आणि तळलेल्या कांड्यांचे तुकडे. जवळा खास दातिवऱ्याचा आणला होता. दूध मनासारखं फुटलेलं पाहून ते खुशीत पाहुणीला आणायला नाक्यावर गेले. इतक्यात वहिनी पूजा आटपून स्वयंपाकघरात आल्या, त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि नवऱ्याची लाज राखायला सगळं परसातल्या नारळाच्या बुंध्याशी ओतून, पातेलं घासून पालथं घातलं. मी अंगणात पाहुणीची वाट पाहत उभी होते. मला पत्ताच नाही.

"दूध नासलं होतं तुमचं," भावोजी परतताच वहिनी हळूच म्हणाल्या. "ओतून दिलं. पावणीला काय कललं नाय."

भावोजींनी पालथं पातेलं उलटून पाहिलं. "अगं, ते नासवायचंच असतं."

भिजवलेलं सोयाबीन संपलं होतं. पाहुणी दारात उभी. वहिनींनी आपली रोजची तांदळाची पोळी टाकायला घेतली, तेवढंच हाताशी होतं. मुलगी तव्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्याकरवी एक अंडं मागितलं, तव्यावर फोडलं, कांद्याची पात भुरभुरली, वर पोळी पालथी घातली आणि गुंडाळून उलथन्याने तुकडे पाडले. जवळाही मागून घेतला! तिची आजी थेट असंच करते, म्हणाली. चार पोळ्या खाल्ल्या. हसत होती आणि नाकही पुसत होती.

"ही तर म्हातारीची गुंडाळी," भावोजी म्हणाले. "इतकी वर्सं माझ्या ताटात अर्धी पडली होती नि मला अंडं फोडायचं सुचलं नाय."

मग उरलेले सगळे रविवार ती बेटेगावातच जेवली. निघताना भावोजींनी तिला त्या टपरीचा नकाशा काढून दिला. गेल्या आठवड्यात तिने पाठवलेला फोटो दाखवायला भावोजी माझ्याकडे आले. टपरी आहे, वाढणारी बाई मात्र दुसरीच, म्हातारीची सून. भावोजी चष्मा पुसून पुसून बघत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "बाकडं तेच हाय."

जाताना त्यांनी मला विचारलं, तुमची नातवंडं तिकडे परदेशात सकाळी काय खातात? मुलांनो, माझ्याकडे तुमच्या वाढदिवसांची, फोनच्या वेळांची, पत्त्यांची वही आहे. मी ती पूर्ण चाळली. मला सांगता आलं नाही.