तिसऱ्या अंगाला हात नाही

मी त्या माणसाची मान चोळली.

आधी हेच सांगून टाकते, म्हणजे पुढं लाजायला नको. अंधेरीतलं काचेचं ऑफिस. एसी एवढा, की माझे गुडघे कुरकुरायला लागलेले. समोर धंद्यात पैसे घालणारे साहेब, माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचे. त्यांनी खुर्ची फिरवली, माझ्याकडे पाठ केली, कॉलर खाली ओढली आणि म्हणाले, "मावशी, बोलून बरंच झालं. आता जरा हात दाखवा तुमचा."

आजूबाजूची पोरं हसली. आणि मीही हसले. पदर खोचला आणि चोळली मान. वर विचारलं, "जोर बरा आहे ना, साहेब?"

तेव्हा मी लहान होते हो. बासष्टचीच. अक्कलदाढ यायची होती.

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालायचं हा माझा धंदा. सासूकडून आला. भांडुपच्या टेकडीवरून उतरायचं आणि मुलुंडच्या टॉवरात चढायचं, तेही सर्व्हिस लिफ्टनं. सहा दिवसांचं पोर बिनघोर आमच्या हातात देतात. त्याच हाताला चहा द्यायचा तर कप वेगळा. कान तुटलेला.

आम्हा बायांची एक रीत आहे. नवीन बाईच्या हातात तेलाची वाटी देण्याआधी तिनं सगळ्यांसमोर नेम बोलायचा. बाळ आणि बाळंतीण. तिसऱ्या अंगाला हात नाही. कोणी मागितलं तर उठायचं, हात धुवायचे, निघायचं.

कारण तिसरं अंग घराघरात असतं. बाळाचा बाप, आजोबा, काका. "मावशी, माझे पण जरा पाय..." पायापासून सुरू झालेली मागणी कुठपर्यंत जाते ते आम्हाला ठाऊक आहे.

पण उठून आलेल्या बाईचं काम जातं. म्हणून माझ्या नातीनं, केतकीनं, डोकं लढवलं. शिकलेली पोर. म्हणाली, फोनवर अ‍ॅप काढू, घाटकोपरपासून दहिसरपर्यंतच्या बाया त्यात घेऊ. जी नेमापायी उठून येईल तिचा पगार कंपनी देईल. त्याला भांडवल हवं. म्हणून अंधेरी. सोबत सुगंधाही होती, माझ्याच हाताखाली तयार झालेली. तिनं नेम माझ्यासमोर बोललेला.

साहेबांनी आधी ज्ञान दिलं. "आम्ही आयडियात पैसे घालत नाही, फाउंडरमध्ये घालतो. त्याला भूक आहे का बघतो. सांगितलेलं ऐकतो का बघतो."

भूक! मनात म्हटलं, या विषयात आपला पहिला नंबर. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हापासूनचा अभ्यास. तेवढ्यात मान पुढं आली, आणि या हुशार विद्यार्थिनीनं ती चोळली.

सुगंधा भिंतीला टेकून उभी होती. तिला कोणी खुर्ची दिली नव्हती. ती माझ्या हातांकडे बघत होती.

घरी येऊन हात धुतले. साबणानं, डाळीच्या पिठानं, परत साबणानं. त्या माणसाच्या केसांच्या जेलचा वास जाईना. हात स्वस्थ बसेनात. भांडी घासली. घासलेली परत घासली.

केतकी म्हणाली, "आजी, त्याला मालीश बघायचीच नव्हती. तू किती वाकतेस ते बघायचं होतं."

"मग तिथंच का नाही बोललीस गं?"

"मलाही पैसे हवे होते ना."

घ्या. आजी तशी नात.

ऑफिसातल्या कोणीतरी ते सगळं फोनवर टिपलं होतं. साहेबांनी ते जगाला दाखवलं. वर लिहिलं, "फाउंडरमध्ये मी हेच शोधतो. भूक असेल तर लाज नसते." खाली लोकांच्या टाळ्याच टाळ्या.

मग एका दुपारी सुगंधा मुलुंडच्या घरातून अर्ध्यावर परत आली. बाळाचा बाप शर्ट काढून पालथा पडला होता. ती उठली, तर त्यानं फोन तिच्या तोंडापुढं धरला. फोनमध्ये मी. "तुमची मोठी बाई करते की. तुझ्या हाताला काय सोनं लागलंय?"

ती हात धुऊन निघाली. काम गेलं. हे सांगताना तिनं मला एकही शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

आणि वर साहेबांचा होकार आला. पैसे देतो, या. परत अंधेरी. सुगंधाला यावेळी मी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवली. साहेबांची एकच अट. सेवा पुरुषांनाही द्यायची. खरं मार्केट तिथं आहे म्हणे.

मी म्हटलं, "आधी तो व्हिडिओ काढून टाका."

"अहो मावशी, त्यानंच तर तुम्ही फेमस झालात."

"काढा."

"त्यात लाजायचं काय एवढं? तुमचं कामच आहे ते."

मी उठले. टेबलावर पाण्याचा ग्लास होता. तिथंच, त्या काचेच्या टेबलावर, हात धुतले. एक एक बोट. पाणी त्यांच्या कागदांत शिरलं. साहेब टुणकन मागं सरकले.

"साहेब, भूक आहे," मी म्हटलं. "लाजही आहे. तुम्हाला एकच दिसली."

आणि निघालो.

व्हिडिओ त्यांनी काढून टाकला नाही. अजून आहे तो. बघायचा तर बघा, साडी चांगली दिसते माझी.

भांडुपला आल्यावर सगळ्या बायांना खोलीत बोलावलं. चोळलेल्या मानेपासून सांडलेल्या पाण्यापर्यंत सगळं सांगितलं. कोणी म्हणाली, आलेला पैसा लाथाडलास. लाथाडला. कंपनी नाही तर नाही. यापुढं जी नेमापायी उठून येईल, तिला आपल्यातली एकेक जण पाळीनं आपलं कामाचं एक घर देईल. पहिलं घर माझं, मुलुंडचंच, उद्यापासून सुगंधाला.

त्या दिवशी एक नवीन पोरगी आली होती. मी बोलून संपवलं आणि सवयीनं तेलाची वाटी उचलली. तिच्याकडून नेम बोलून घ्यायला.

सुगंधानं माझं मनगट धरलं. चिडली की ती मालवणीत शिरते.

"काकी, वाटी खाली ठेव. आधी तू नेम बोल. उभी रवान बोल, मोठ्यान. पाठच्यांका आयकाक येवक व्हया."